घरबसल्या आनुवंशिकता शिकवणारं किट: सोळा महिने वापरल्यानंतर

मागच्याच्या मागच्या गणपतीत माझ्या भाच्याचं लग्न ठरलं आणि मुलीकडच्यांनी रक्ततपासणीचा विषय काढला. थोडी कुजबुज झाली, पण भाचा मुकाट्याने गेला आणि रिपोर्ट घेऊन आला: थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बिघडलेल्या जनुकाचा नुसता वाहक. ज्यावरून हे ओळखतात ते हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या बरंच वर. म्हणजे ‘याचं रक्तच कमी’ म्हणून लहानपणापासून त्याला ज्या लोहाच्या गोळ्या चारल्या, त्यांचा या प्रकरणाशी काही संबंधच नव्हता. बहिणीच्या सासरी लगेच ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ सुरू झालं. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून सगळं समजावलं. मी मान डोलावली आणि स्कूटरपर्यंत येईतो विसरले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या बाईला चार चौकोन कळू नयेत याचा राग आला, आणि त्या रागात हे किट मागवलं.

किंमत १,८५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धर्तीची किट्स बाजारात बरीच आहेत आणि माझं म्हणणं त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल. खोक्यात डीएनएचं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल, दोन कापडी पिशव्या, वीस मणी, वाटाण्याच्या बियांची पुडी, एक पुस्तिका आणि चौदा व्हिडिओंचा पासवर्ड एवढा ऐवज निघाला.

पैसे वसूल झाले ते पिशव्या आणि मण्यांमध्ये. खोक्यातली सर्वांत स्वस्त वस्तू तीच असणार. एक पिशवी आईची, एक बापाची. दोघंही वाहक, म्हणून प्रत्येकीत एक लाल मणी (बिघडलेलं जनुक) आणि एक पांढरा (चांगलं). न बघता दोन्हींतून एकेक काढायचा, वहीत लिहायचं आणि मणी परत टाकायचे. लाल-लाल आलं तर मूल थॅलेसेमिया मेजरचं, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवण्याची पाळी. एक लाल एक पांढरा आला तर आईबापांसारखंच वाहक, तब्येतीने ठणठणीत. पांढरा-पांढरा म्हणजे प्रश्नच मिटला. पुस्तिकेत हे पाव पानात उरकलंय, पण आमच्या घरी त्यावर दोन रविवार गेले.

त्याला कारण भाच्याचे मोठे काका. मुलीचा रिपोर्ट यायचा होता, आणि काकांचा हिशेब तयार होता: “पंचवीस टक्के म्हणजे चारात एक. यांना हवीत दोनच मुलं. मग प्रश्न येतोच कुठे?” असं मानणारे काका एकटे नाहीत, हे नंतर चारचौघांत बोलताना कळलं. मी त्यांच्यापुढे पिशव्या ठेवल्या. पहिल्यांदा लाल-पांढरा. दुसऱ्यांदा लाल-लाल. तिसऱ्यांदा पुन्हा लाल-लाल. काका म्हणाले, पिशवीत काहीतरी गडबड आहे. गडबड काहीच नाही, मणी परत टाकतो म्हणून मागच्या खेपेला काय निघालं हे पिशवीला माहीतच नसतं. दर गरोदरपणाला चारातली एक ही शक्यता नव्याने सुरू होते. दोन्ही मुलं या आजारातून सुटण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे सोळात नऊ. उरलेले सोळात सात, जवळजवळ ४४ टक्के, म्हणजे निदान एकाला तरी आजार. काका गप्प बसले. पुण्यात हा मोठा विजय समजतात.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलीचा रिपोर्ट स्वच्छ आला. म्हणजे तिच्या पिशवीत दोन्ही मणी पांढरे, लाल-लाल निघणारच नाही. फार तर दर मुलामागे निम्मी शक्यता वाहक असण्याची. लग्न झालं, जेवण उत्तम होतं. बहिणीने तपासून घेतलं, ती वाहक निघाली. मीही तपासून घेतलं, मी नाही. आईबाप तेच, पण तिच्या वाट्याला लाल मणी आला आणि माझ्या वाट्याला पांढरा. ‘रक्तातच आहे’ असं आपण सहज म्हणून जातो, त्या ‘रक्ता’चा अर्थ मला त्या दिवशी लागला. आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे एकमेकांत मिसळत नाहीत. मणी मणीच राहतो, एखाद्या पिढीत झाकला जातो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा बाहेर पडतो.

तक्रार एवढीच की वीस मणी फार कमी आहेत. त्यातले तीन दिवाळीच्या झाडलोटीत गेले. रविवार पेठेतून मूठभर आणले. आकार मात्र एकसारखा बघून घ्या, नाहीतर बोटांना कळतं आणि हात लबाडी करतो.

आता मॉडेल. जोडणी छान आहे. डीएनएच्या शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची: ए आणि टी यांच्यामध्ये दोन खुंट्या, जी आणि सी यांच्यामध्ये तीन, त्यामुळे चुकीची जोडी बसतच नाही. प्रत्येक बाजूवरून समोरची बाजू का लिहून काढता येते, हे हाताला आपोआप कळतं. आपल्या एकेका पेशीत असा सुमारे दोन मीटर धागा गुंडाळून ठेवलेला असतो, असं व्हिडिओत सांगतात. मी माझ्या सोयीने लक्षात ठेवलं: चार पेशींतला धागा सलग मांडला तर सासूबाईंच्या नऊवारीएवढा होतो.

पण एवढं सगळं करून त्यांनी शिडीला पीळ उलटा दिलाय! आपल्या पेशींतला डीएनए सर्वसाधारणपणे उजव्या पिळाचा असतो, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा. स्क्रू उभा धरा, समोर दिसणारे आटे डावीकडून उजवीकडे चढत जातात. यांचं मॉडेल, खोक्यावरचं चित्र आणि पुस्तिकेचं मुखपृष्ठ, तिन्हीकडे चढ उजवीकडून डावीकडे. डाव्या पिळाचा झेड-डीएनए म्हणून एक प्रकार असतो, पण यांनी काही तो दाखवलेला नाही, यांचं चित्र आरशातलं झालंय. मी स्क्रूचा फोटो जोडून मेल केली. अकरा दिवसांनी उत्तर आलं की मॉडेल ‘फक्त समजण्यासाठी’ आहे. समजण्यासाठीच तर घेतलं होतं! शेवटी खुंट्या गरम पाण्यात मऊ करून मीच पीळ फिरवला. दोन तुटल्या.

व्हिडिओ मुळात इंग्रजी आहेत. शिकवणाऱ्या बाई उत्तम, घाई करत नाहीत. मराठी अक्षरं खाली येतात ती मात्र यंत्राने केलेली, आणि कोणी नजरेखालून घातलेली नाहीत. अप्रभावी जनुकाला चक्क ‘मंदीचे जनुक’ केलंय. कन्यापेशी ‘मुलगी सेल’ झाल्यात, आणि एका ठिकाणी जनुकांची ‘जीन्स’ होऊन ती आईकडून मुलाला मिळते. आमच्याकडे थोरल्याची धाकट्याला मिळते, ते वेगळं. त्यापेक्षा नववीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक शेजारी ठेवा. गुणसूत्र, जनुक, प्रभावी, अप्रभावी हे शब्द तिथे नीट आहेत. ‘प्रभावी’ या शब्दाने माझी मात्र बरेच दिवस फसगत झाली. प्रभावी म्हणजे चांगला किंवा जास्त आढळणारा, असं काही नाही; जोडीतलं एकच असलं तरी दिसतं ते प्रभावी, झाकलं जातं ते अप्रभावी. हाताला सहावं बोट असणं हा गुण बऱ्याचदा प्रभावी असतो, तरी आपण सगळे पाच बोटांचेच.

सहावा व्हिडिओ डोळ्यांच्या रंगावर आहे आणि तो मला धोकादायक वाटतो. तपकिरी प्रभावी, फिका अप्रभावी, म्हणून फिक्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होणार नाही, असं बाई ठामपणे सांगतात. आमच्या शेजारी नवराबायको दोघंही घारे आहेत आणि मुलगी काळ्याभोर डोळ्यांची. कोकणस्थांनी भरलेल्या इमारतीत हा व्हिडिओ दाखवलात तर संध्याकाळपर्यंत भांडण ठरलेलं. प्रत्यक्षात डोळ्यांचा रंग एका जोडीवर ठरत नाही. पंधराव्या गुणसूत्रावरची ओसीए-टू आणि हर्क-टू ही जनुकं मोठा वाटा उचलतात, पण बाकीचीही बरीच आहेत. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्यात निवडलेले गुण सरळ होते, माणसाचे बहुतेक तसे नसतात.

रक्तगटाच्या व्हिडिओतही तेच. दोघं ओ गटाचे, मग मूल ओच, म्हणतात. हे जवळजवळ नेहमी खरं, पण अपवाद सापडला तो आपल्या शेजारीच. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा रक्तगट नोंदवला ज्यात ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच हा घटकच तयार होत नाही. नेहमीच्या तपासणीत असं रक्त ओ दिसतं, पण माणसाकडे ए किंवा बीचं जनुक असू शकतं आणि ते मुलात उघडं पडतं. त्याला जगभर बाँबे ब्लड ग्रुप म्हणतात. मराठी अक्षरं टाकून किट विकता, मग एवढं एक वाक्य घालायला काय हरकत होती?

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढायचा प्रयोग जानेवारीत करा, महाबळेश्वरचा माल स्वस्त असतो तेव्हा. या फळाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून माल भरपूर निघतो. फळ कुस्करायचं, त्यात भांड्यांचं लिक्विड आणि मीठ घालायचं, गाळायचं आणि वरून फ्रीजरमध्ये गार केलेलं स्पिरिट कडेकडेने सोडायचं. दोन मिनिटांत पांढरे धागे वर येतात. सासूबाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, “अगं, हा तर शेंबूड.” दिसतं तसंच. पुस्तिकेत ‘दुहेरी पीळ डोळ्यांनी पाहा’ असं छापलंय ती शुद्ध थाप आहे. पीळ डोळ्याला दिसत नाही, दिसतो तो असंख्य धाग्यांचा गुंता, थोडी प्रथिनंही त्यात आलीच.

चौदावा व्हिडिओ म्हणजे जाहिरात: मुलाची लाळ पाठवा, त्याच्या अंगी गणित आहे की गाणं ते कळवू. काही हजार रुपये. आधीचे तेरा व्हिडिओ नीट बघितलेल्या माणसाने हे घेऊच नये, आणि मला वाटतं त्यांनाही ते माहीत असावं, म्हणूनच तो शेवटी टाकलाय.

घ्यावं का? मुलं नववी-दहावीत असतील आणि तुम्ही शेजारी बसणार असाल तर घ्या. नुसतं मुलाच्या हातात देणार असाल तर नको. आणि माझ्यासारखं रिपोर्टामुळे शिकायला निघाला असाल तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे जा, मणी नंतर. हे किट निर्णय घ्यायला पुरत नाही, पण नेमकं काय विचारायचं ते कळतं.

वाटाण्यांचं श्रेय किटला फारसं नाही. पुडीतल्या बारा बियांतली एकही उगवली नाही, आणि सगळ्या एकाच जातीच्या होत्या, तेव्हा संकर करायचा कोणाशी? मग किराण्यातले रगड्याचे सफेद वाटाणे घेतले, गोल आणि आतून पिवळे, आणि मार्केट यार्डाजवळून अर्केल नावाचं बियाणं, सुरकुतलेलं आणि हिरवं. बियाण्याला गुलाबी औषध चोपडलेलं असतं, हात धुवा. सुरकुती का पडते हे वाचून गंमत वाटली. त्या दाण्यात स्टार्च तयार करणारं एक एन्झाइम बिघडलेलं असतं, म्हणून साखर जास्त राहते. ती पाणी ओढते, दाणा फुगतो आणि वाळताना आक्रसतो. आपण ज्याला गोड मटार म्हणतो तो हाच बिघाड.

दसऱ्याला गच्चीत दोन्ही लावले. अर्केल महिना-सव्वा महिन्यात फुललं आणि संपलं, रगड्याला तेव्हा कळीही नव्हती. अर्केल पुन्हा पेरलं. वाटाण्याचं फूल मिटलेलं असतानाच आतल्या आत स्वतःचं उरकून घेतं, म्हणून कळी कोवळी असतानाच चिमट्याने उघडून दहाही पुंकेसर काढायचे आणि रगड्याच्या फुलातले पराग लावायचे. अकरा कळ्यांवर हात चालवला, शेंगा धरल्या दोन. वाळल्यावर सोलल्या तर अर्केलच्या त्या दोन शेंगांत मिळून सातही दाणे गोल, पिवळे. सुरकुती आणि हिरवा रंग कुठे गेला, पत्ता नाही. ते सात दाणे आठ महिने मसाल्याच्या रिकाम्या डबीत ठेवले.

या दसऱ्याला पेरले. दोन रोपं कबुतरांनी नेली, पाच वाढली. गेल्या आठवड्यात शेंगा सोलायला बसले. पहिल्या शेंगेत सहाही गोल, जीव खट्टू झाला. दुसरीत तीन गोल, तीन सुरकुतलेले, एकाच शेंगेत शेजारी शेजारी बसलेले. एकूण ८३ दाणे: गोल पिवळे ४४, गोल हिरवे २०, सुरकुतलेले पिवळे १५, सुरकुतलेले हिरवे ४. मेंडेलचे आकडे होते ३१५, १०८, १०१ आणि ३२. त्याचे जास्त नीटस आले कारण त्याने ५५६ मोजले, आणि त्याच्याकडे कबुतरं कमी असावीत. त्या पंधरांकडे मी बराच वेळ बघत बसले. सुरकुतलेला आणि पिवळा, असा दाणा या घराण्यात ना आजीकडे होता ना आजोबांकडे.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून चार ढीग केले, फोटो काढला, वहीत लिहिलं आणि झोपले. सकाळी टेबल पुसलेलं. उरलेले वाटाणे सासूबाईंनी रात्रीच उसळीसाठी भिजत घातले होते. पातेल्याचं झाकण काढलं तर सगळे टरारून फुगलेले, सुरकुती कोणाचीच नाही, सगळे गोल. बरं झालं, सुरकुतलेले पिवळे पंधरा मी आधीच डबीत टाकले होते.