पगारपत्रकात दिसणारी शुश्रूषा : अमेरिकेच्या ‘पेरोल बेस्ड जर्नल’चे परीक्षण

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की गल्लीतले छोटे खासगी रुग्णालय आठवते. अमेरिकेत मात्र याच नावाने वृद्ध आणि परावलंबी रुग्णांना दीर्घकाळ सांभाळणारी निवासी संस्था ओळखली जाते. अशा संस्थांकडून परिचर्येच्या तासांचा दैनंदिन हिशेब तेथील मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजना चालवणारी यंत्रणा जुलै 2016 पासून सक्तीने मागवते आणि ‘पेरोल बेस्ड जर्नल’ या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुला करते. स्वतःच्या ड्युटी लिस्टपलीकडे पाहू इच्छिणाऱ्या परिचर्या व्यवस्थापकाला याहून उपयुक्त सार्वजनिक साधन माझ्या पाहण्यात नाही.

पूर्वी संस्थांचे तारांकन, म्हणजे दर्जा दाखवणारे तारे, तपासणीच्या सुमारास त्यांनीच भरून दिलेल्या दोन आठवड्यांच्या आकड्यांवर ठरत असे. पाहुणे यायच्या दिवशी घर आवरलेले असणारच. एप्रिल 2018 पासून तारांकनासाठी पगारपत्रकाशी पडताळता येणारी ही नोंद वापरली जाऊ लागली. प्रत्येक ओळीत त्या दिवसाची निवासी-संख्या, तसेच नोंदणीकृत परिचारिका आणि सहायक यांचे तास स्वतंत्र असतात. शिवाय कायम कर्मचारी व कंत्राटी मनुष्यबळ वेगळे दाखवलेले असते. समजा, शंभर निवाशांमागे 350 तास भरले, तर दरडोई साडेतीन तास होतात. पण त्यांतले 70 तास कंत्राटी असतील, तर निवाशांची ओळख नसलेल्या हातांवर किती भार आहे, हेही कळते. शनिवार-रविवारच्या ओळी निराळ्या काढून शेजारच्या संस्थांशी ताडून पाहाव्यात; खरी उणीव बहुधा तेथेच सापडते.

एका तिमाहीच्या फाइलमध्ये सुमारे 15 हजार संस्थांच्या रोजच्या ओळी असल्याने ती एक्सेलमध्ये पूर्ण मावत नाही. आधी राज्य निवडून मगच उतरवून घ्यावी.

तिमाही संपल्यावर माहिती भरण्यास 45 दिवसांची मुदत असते आणि प्रसिद्धी त्यानंतर होते, म्हणून उद्याची ड्युटी लावण्यास हे आकडे निरुपयोगी आहेत. यातील तास कच्चे आहेत, तर संस्थांची तुलना करून देणारे ‘केअर कम्पेअर’ हे सरकारी संकेतस्थळ रुग्णांच्या गरजेनुसार समायोजित आकडाही देते. या दोहोंची सरमिसळ केल्यास तुलना फसते. जेवणाचा अर्धा तास प्रत्येक पाळीतून वजा होतो, मग परिचारिका जेवली असो वा नसो. मला सर्वांत खटकते ते हे की तास दिवसनिहाय असतात, पाळीनिहाय नसतात. त्यामुळे रात्री दोन वाजता मजल्यावर किती जण होते, याचे उत्तर या फाइलमध्ये मिळत नाही.