पूल हा टेबलावरचा खेळ शिकवतो म्हणून माझे २८,५०० रुपये नेणारा ‘कोच’: पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

आकडा आधीच सांगतो, कारण तो सांगायचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नोंदणीचे १,५००. तीन महिन्यांच्या ऑनलाइन शिकवणीचे १४,५००. ‘प्रोफेशनल क्यू’चे, म्हणजे पूल खेळायच्या काठीचे, ८,५००. नागपूरच्या दोन दिवसांच्या शिबिरासाठी टेबल बुकिंगचे ४,०००. एकूण २८,५०० रुपये. घरी फक्त १६,००० माहीत आहेत, म्हणून स्वतःचं नाव टाकत नाही. तालुक्याचं नावही टाकत नाही, कारण माझा अर्ज अजून तिथल्याच ठाण्यात पडून आहे.

पैसे तुरीचे होते. आणि ‘पूल शिकायला कोणी पैसे देते का बे?’ हे ऐकून ऐकून आता कान किटले. पोरगा पुण्याला एमपीएससीच्या क्लासला गेला, लाखभर भरले, दोन वर्षं राहून परत आला, तर त्याला कोणी असं विचारत नाही. मी चार वर्षांपासून खेळतो. आमच्या इथे एकच हॉल, दोन आठ फुटी टेबलं, एकाचं कापड कोपऱ्यात फाटलेलं. एट बॉल या पूलच्या प्रकारात तिथे मला हरवणारा कोणी उरला नाही. मग अमरावतीला एका खुल्या स्पर्धेत गेलो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. पॉट करण्यात, म्हणजे बॉल पॉकेटात घालण्यात, समोरचा पोट्टा माझ्यापेक्षा काही फार भारी नव्हता. पण प्रत्येक शॉटनंतर त्याचा व्हाइट, म्हणजे ज्याला क्यूनं मारतो तो पांढरा बॉल, त्याला पाहिजे तिथे जाऊन थांबत होता. माझा व्हाइट कुठे जाईल ते मलाच माहीत नसायचं. ही गोष्ट एकट्यानं खेळून येत नाही. आपलं कोपर कुठे हलते, डोकं कधी उठते, हे खाली वाकलेल्या माणसाला दिसत नाही. कोणीतरी बाजूला उभं राहून सांगावं लागते. म्हणजे कोच शोधणं यात काही चुकीचं नव्हतं, आजही नाही.

नागपूरला जाऊन शिकायचं तर यायला-जायला पूर्ण दिवस जातो. माझं कृषी केंद्र आहे. खरिपात बियाण्याच्या गर्दीत दुकान कोणाच्या भरवशावर सोडू? म्हणून ऑनलाइन.

हा माणूस रील्समधून दिसला. स्वतःला नागपूरचा म्हणवायचा. ट्रिक शॉट, एका फटक्यात तीन पॉट, खाली ‘राष्ट्रीय कोच’ असं लिहिलेलं. मी डोळे झाकून पैसे पाठवले असं कोणी समजू नये. मी सर्टिफिकेट मागितलं, त्यानं गोल शिक्क्याचं पाठवलं. जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मागितले, त्यानं दोन दिले, दोघांनीही तारीफ केली. ते दोघे कोण होते ते तुम्ही ओळखलंच असेल. सर्टिफिकेटचं म्हणाल तर या खेळाची देशातली संघटना म्हणजे बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया. तिच्याकडे किंवा राज्य संघटनेकडे एक मेल टाकून ‘हा माणूस तुमचा कोच आहे का’ एवढं विचारता येते. फोटोतला शिक्का कोणीही तयार करतो.

पहिले काही दिवस त्यानं खरंच शिकवलं, हे लोकांना पटत नाही. व्हिडिओ कॉलवर उभं कसं राहायचं, ब्रिज, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणारा हात, कसा धरायचा ते दाखवलं. टेबलाच्या मधल्या रेषेवरून व्हाइट सरळ समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) मारायचा आणि तो परत येऊन क्यूच्या टोकाला लागला पाहिजे, असा सराव दिला. हा सराव खरा आहे, चांगले कोच हाच देतात. व्हाइट परत येताना बाजूला गेला की समजायचं, आपण नकळत साइड मारून राहिलो, म्हणजे क्यू व्हाइटच्या मधोमध न लागता बाजूला लागते. मला त्याचा फायदाही झाला. विश्वास बसणार नाही तर काय होईल?

मग लाइव्ह कॉल बंद झाले आणि व्हिडिओ येणं सुरू झालं. एका व्हिडिओत तो म्हणाला, स्टन मारला (म्हणजे व्हाइट न घरंगळता नुसता सरकत जाऊन बॉलला लागला) की व्हाइट तीस अंशांत जातो. खेळणाऱ्याला माहीत आहे की स्टनला व्हाइट समोरच्या बॉलच्या वाटेशी नव्वद अंशांत निघतो. आपल्या मूळ वाटेपासून तीस अंश वळायचं गणित घरंगळत येणाऱ्या व्हाइटचं, तेही साधारण अर्धा बॉल लागला तर. मी विचारलं तर म्हणे, ‘भाऊ, ॲडव्हान्स लेव्हलला वेगळं असतं.’ कोणत्याही लेव्हलला वेगळं नसतं. फुकटच्या व्हिडिओंत सुद्धा हे बरोबर सांगतात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे रात्री झोप लागत नाही.

मी डावखुरा आहे. क्यू डाव्या हातात धरतो, ब्रिज उजव्या हाताचा. त्यानं सांगितलं की तुमच्या खेळाचा व्हिडिओ पाठवा, मी बारीक विश्लेषण करून देतो. मी स्टुलावर मोबाइल ठेवला, मी फ्रेममध्ये येतो की नाही ते दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा लावला आणि वीस शॉट मारले. दुसऱ्या दिवशी लांबलचक मेसेज आला. सुरुवातच अशी: ‘तुमचं उजवं कोपर स्ट्रोकच्या शेवटी खाली पडते. डावा ब्रिज हात ढिला आहे.’

उजवं कोपर! माझ्या उजव्या हाताचा तर टेबलावर ब्रिज होता.

मी लगेच लिहिलं, ‘सर, मी डावखुरा आहे.’ मिनिटभरात उत्तर: ‘सेल्फी कॅमेऱ्यात उलटं दिसते भाऊ. तुम्ही तुमच्या हिशेबानं फिरवून घ्या.’ आता सांगा, यात संशय घेण्यासारखं काय होतं? पुढच्या कॅमेऱ्यात उलटं दिसते हे लहान पोराला माहीत आहे. बरेच मोबाइल व्हिडिओही तसाच उलटा साठवतात. डावखुरा माणूस उलटा झाला की उजवा दिसणारच. मला ते शंभर टक्के पटलं. माझ्या जागी कोणालाही पटलं असतं.

पण तो व्हिडिओ माझ्याच मोबाइलमध्ये होता. सगळं संपल्यावर मी तो उघडून पाहिला. माझ्या मागे भिंतीवर हॉलवाल्यानं लावलेली पाटी आहे, ‘उधार मागू नये’. ती पाटी व्हिडिओत सरळ दिसते. अक्षर न अक्षर सरळ वाचता येते. म्हणजे माझ्या मोबाइलनं व्हिडिओ उलटा केलेलाच नव्हता. मी त्यात डाव्या हातानंच खेळताना दिसतो, स्पष्ट. त्या माणसानं व्हिडिओ उघडूनही पाहिला नव्हता! कोणाचं तरी लिहिलेलं विश्लेषण मला चिकटवून दिलं होतं. हे तेव्हा दिसलं असतं तर १६,००० वर थांबलो असतो. पुढचे १२,५०० त्यानंतर गेले. आणि मी ते ‘फिरवून घेतलेलं’ विश्लेषण महिनाभर इमानदारीनं घोटत होतो. डावं कोपर पडते म्हणून ते इतकं आवळून धरलं की होता तो स्ट्रोकही बिघडला. ते नुकसान कोणत्या अर्जात लिहू?

पुढे वणीकडच्या एका खेळाडूशी ओळख झाली. त्यालाही हाच मेसेज, शब्द न शब्द. त्याचं तर कोपर पडतच नाही.

विश्लेषण मागाल तर ‘माझ्या तिसऱ्या शॉटला कोणता बॉल होता, कोणत्या पॉकेटात गेला’ एवढं विचारा. ज्यानं पाहिलं असेल तो सांगेल.

क्यूचं थोडक्यात सांगतो. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. पूलच्या जड बॉलला साधारण १२-१३ मिलिमीटरच्या टिपेचा (टोकाचा) क्यू लागतो. ८,५०० देऊन माझ्याकडे आला तो नऊ-दहा मिलिमीटरच्या टिपेचा, स्नूकरसारखा, एकसंध दांडा, वरून वार्निश. टेबलावर लोळवला तर टोक थडथड उडे, म्हणजे वाकडाही. हॉलवाला म्हणाला, हजाराचाही नाही हा. क्यू घ्यायचा तर दुकानात जाऊन लोळवून घ्या, कोचच्या हातून कधीच घेऊ नका. आणि हे ८,५०० ज्या यूपीआयवर गेले तिथे त्याचं नाव नव्हतं, एका मोबाइल दुकानाचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणे, माझ्या खात्याची लिमिट संपली. शिबिराचे ४,००० पण तिथेच. शिबिराच्या आदल्या दिवशी नंबर बंद, अकाउंटवरून मी ब्लॉक.

इथपर्यंत एका चोराची गोष्ट झाली. खरा त्रास यानंतर सुरू झाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. तो उचलला गेला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला, ते खरं. पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते आणि त्या खात्यांत काही उरलं नव्हतं. संशय आला त्याच तासाला फोन करा, पैसा पुढे सरकायच्या आत तो अडवता येतो, नंतर फक्त नंबर हातात राहतो. बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सगळे सांगतात. पण तो आपल्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे. आपल्या हातानं पाठवलेल्या पैशांना तो लागत नाही.

मग ठाणं. जमादारानं पहिला प्रश्न काय विचारावा? ‘पैसे लावून खेळता का तिथे?’ दुसरा, ‘हॉल कोणाचा? परवाना आहे का?’ मी फिर्यादी म्हणून गेलो आणि चौकशी माझी सुरू झाली. दोन दिवसांनी हॉलवाल्याला बोलावलं. तो आता माझ्याशी बोलत नाही. क्यूच्या ज्या खेळांत पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, ज्या खेळांसाठी गीत सेठी आणि पंकज अडवाणी यांना देशानं खेलरत्न दिलं, ते खेळ आमच्या ठाण्याच्या लेखी जुगार!

नंतर म्हणे, क्यू मिळाला ना तुम्हाला? वस्तू आली म्हणजे फसवणूक नाही, दिवाणी मामला आहे. म्हणजे वाकडा दांडा पाठवला की माणूस सुटला. मग म्हणे, आरोपी नागपूरचा, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यातल्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, फिर्याद घ्यावी लागते. हे मी बोललो तर ‘तू वकील आहे काय?’ मग म्हणे, ऑनलाइन गुन्ह्याचा तपास निरीक्षकच करतात आणि साहेब बंदोबस्ताला गेले. आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे खरं आहे. पण मी मागत होतो ती साधी फसवणुकीची फिर्याद, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. त्याला साहेब बंदोबस्तावरून यायची काय गरज? शेवटी ‘अर्ज देऊन जा’. अर्ज म्हणजे गुन्हा नोंदवणं नाही, हे लक्षात ठेवा. पोच पण देत नव्हते, अडून बसलो तेव्हा शिक्का मारला. शिक्क्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, आपल्या जिल्ह्यात दाखल करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता आहे बँकेकडे. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र निघत नाही. गुन्हा दाखल करत नाहीत तेही पोलीसच. आम्ही कास्तकार माणसं, कामधंदा सोडून या तीन दारांपुढे किती दिवस उभं राहायचं? २८,५०० तुमच्यासाठी लहान रक्कम असेल साहेब, इथे तेवढ्यात एका वावराचं बी-खत होते.

ठाण्यानं फिर्याद नाही घेतली तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. अधीक्षकांना मी स्पीड पोस्टानं पाठवलं आहे. मॅजिस्ट्रेटसाठी वकिलानं ५,००० सांगितले.

तीन महिन्यांचे एकदम भरले तर सूट, असं कोणीही म्हणालं तर समजा की त्याला पुढे शिकवायचंच नाही. आठवड्याचे पैसे आठवड्याला द्या, समोर टेबलावर शिकून द्या. नागपूर-अमरावतीच्या चांगल्या हॉलमध्ये जुने खेळाडू असतात, एक दिवस खर्च करून त्यांच्यासोबत खेळा. मी आता तेच करून राहिलो.

तो माणूस परत सुरू झाला आहे. नाव नवीन, रील्स त्याच, टेबलही तेच. वणीकडचा खेळाडू आणि मी मिळून अधीक्षकांकडे दुसरा अर्ज देऊन राहिलो. ‘उजवं कोपर पडते, डावा ब्रिज ढिला आहे’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल तर चॅट उडवू नका. प्रत्येक पेमेंटचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा, सायबर पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नंबर आम्हाला कळवा, अर्जात तिसरं नाव घालतो.