माळ्यावरचा कोश
मी भाषांतराचं काम करते. ‘योर’ (yore) या जुन्या इंग्रजी शब्दापाशी दोन दिवस अडले होते; मोबाइलवरच्या अ‍ॅपने ‘प्राचीन काळ’ म्हणून बोळवण केली. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दुकानदार काकांनी माळ्यावरून जाडजूड कोश काढून दिला आणि स्टुलावर अर्धा तास निवांत चाळू दिला. कडेला वाळवीची दोन भोकं, पण शिवण घट्ट. व्युत्पत्ती मिळाली: बहुधा जुन्या इंग्रजीतल्या ‘वर्ष’ या शब्दाचंच षष्ठीचं अनेकवचन. म्हणजे ‘वर्षांचा’! आता तो ‘डेज ऑफ योर’सारख्या जोडीतच उरलाय. मी तिथेच ‘प्राचीन काळी’ खोडून ‘कोणे एके काळी’ लिहिलं. साडेतीनशे रुपयांत कोश घरी आणला. कोशांचा नाद असलेल्यांनी जरूर जा, पिशवी घेऊन.