तबल्याच्या रियाजाआधीची पाच मिनिटं: शवासन, जेकबसन की अलेक्झांडर?

बरोबरीच्या लयीत कायदा (ठरावीक बोलांची बांधलेली रचना) स्वच्छ वाजतो, चौपट केली की ‘तिरकिट’ची खिचडी होते. मोठेपणी तबला शिकायला घेतलेल्या अनेकांचं हे दुखणं. बोटांना दोष देत मी वर्षभर पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, घोटले. मग एकदा मोबाइल समोर ठेवून रियाजाचा व्हिडिओ काढला. बोटं ठीकच होती. उजवा खांदा मात्र कानाला भिडायला निघाला होता, आणि रेला (भरभर सलग वाजणारे बोल) सुरू झाल्यापासून समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, मी श्वासच घेतलेला दिसला नाही. गुरुजी ‘खांदा सोड’ म्हणत ते हेच. पण धरलाय हेच कळत नसेल तर सोडणार कसा?

त्यासाठी रियाजाआधी करायचे तीन उपाय मी आळीपाळीने करून पाहिले.

शवासन सगळ्यांच्या ओळखीचं. पावलांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावरून लक्ष फिरवायचं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ताणमुक्तीच्या अभ्यासक्रमात असाच प्रकार पाऊण तास चालतो. दिवसभराचा शीण उतरवायला उत्तम, पण तबल्यासाठी माझं मत फारसं चांगलं नाही. दहा मिनिटांनी उठलो की हात जड, चाट (तबल्याच्या कडेवरचा आघात) बोथट. दोनदा तर झोपच लागली. ज्यांचं मन मात्रा मोजतानाही ऑफिसात असतं, त्यांनी मात्र जरूर करावं.

एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची पद्धत उलट्या बाजूने येते: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा. १९२९ च्या सुमारास त्यांनी मांडलेली मूळ पद्धत लांबलचक होती. आज चालतात त्या तिच्या आटोपशीर आवृत्त्या. मी एवढंच करतो: मूठ पाच सेकंद आवळायची आणि वीस-तीस सेकंद सैल सोडून नुसतं पाहायचं. मग तसेच खांदे, तसाच जबडा. आवळलेला आणि सुटलेला खांदा असे लागोपाठ अनुभवले की वाजवताना तो वर सरकू लागताच चोर सापडतो. फक्त निम्म्याच जोराने आवळा, नाहीतर ‘धिरधिर’ला बसण्याआधीच हात भरून येतो.

तिसरी अलेक्झांडर पद्धत. टास्मानियात जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर रंगमंचावर उतारे म्हणत. त्यांचा आवाज बसू लागला. आरशासमोर उभं राहून पाहिल्यावर त्यांना दिसलं की बोलायला सुरुवात करताना आपण मान मागे खेचतो. म्हणून या पद्धतीत भर आहे तो कृतीच्या आधीच्या क्षणावर. हात ‘धा’साठी उचलायचा आणि तिथेच थांबायचं. मान ताठली? पोट आवळलं? सोडायचं, मगच थाप. पाच मिनिटांत जेमतेम वीस ‘धा’ होतात, पण त्यांचा घुमारा ऐकून बघा! शिवाय गुडघे उभे ठेवून, डोक्याखाली एक-दोन पुस्तकं घेऊन पाठीवर पडणं हाही तिचाच भाग. मांडी घालून पाठ धरणाऱ्यांना बरं वाटतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ही पद्धत शिकवतात. अडचण एकच: खरी शिकायची तर शिक्षकाचा हात मानेवर लागतो. व्हिडिओ बघून अर्धीच येते, आणि शिकवणी स्वस्त नसते.

सावकाश हालचालींतून शरीराची जाण वाढवणाऱ्या फेल्डेनक्राइस पद्धतीचं नावही कानावर येईल. तिचा एकेक धडा बहुधा अर्धा-पाऊण तास चालतो, ती रविवारी.

मी आज हातासाठी जेकबसन आणि बैठकीसाठी अलेक्झांडर असं करतो. एकच निवडायचं असेल तर नवशिक्याने जेकबसन घ्यावं: फुकट, पाच मिनिटांचं, चुकायला फारशी जागा नाही.

पण कोणतंही निवडा, वाजवायला लागलात की शरीर विसरा. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ च्या प्रयोगात स्कीइंगसारख्या यंत्रावर डोलायला शिकणाऱ्यांपैकी काहींना पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे. चाकांकडे लक्ष देणारे चांगले शिकले. आपली चाकं म्हणजे शाईतून (तबल्यावरच्या काळ्या गोलातून) निघणारा नाद आणि लेहऱ्याची, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या धुनेची, सम. रेल्याच्या मधोमध खांदा तपासायला गेलात की हमखास मात्रा सुटते, माझी सुटलीय. तालाचं एक आवर्तन संपल्यावर, दुसरं सुरू करण्याआधी थांबून तपासा.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा मनगट रात्रीही ठणकत असेल, तर यातलं काहीच नको. आधी डॉक्टर, मग तबल्याखालची चुंबळ नीट बसलीय का ते गुरुजींना दाखवा.