‘चालते ना ताई’ : जुने कंट्रोलर आणि नवा कन्सोल

दिवाळीच्या आधी ताई आणि भाच्यासोबत मी नागपुरात बर्डीच्या बाजारात गेलो होतो. भाच्याने दोन वर्षं पैसे साठवले होते, उरलेले ताईने घातले आणि प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घ्यायचं ठरलं. प्रतापनगरच्या त्यांच्या घरी प्लेस्टेशन ४ आधीपासून होता आणि त्याचे तीन कंट्रोलर होते. घरात त्यांना सगळे रिमोटच म्हणतात. ताईने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला : ‘‘घरी तीन रिमोट पडले आहेत, ते याच्यावर चालतील ना?’’ तो म्हणाला, ‘‘चालते ना ताई, सगळं चालते.’’

घरी येऊन जोडणी केली. जुना रिमोट लागला, मेनू हलला, जुना क्रिकेटचा गेमही सुरू झाला. मग भाच्याने प्लेस्टेशन ५साठी घेतलेला फुटबॉलचा गेम लावला, चुलतभावाच्या हातात जुना रिमोट दिला, आणि पडद्यावर सूचना आली की या गेमसाठी ड्युअलसेन्स, म्हणजे प्लेस्टेशन ५चा नवा कंट्रोलर वापरा. दुकानदार खोटं बोलला नव्हता, पण त्याचं उत्तर अर्धंच होतं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, मग हे तीन कशाले ठेवायचे?’’

तेव्हापासून ओळखीतलं कुणी नवा कन्सोल घ्यायला निघालं की मी आधी विचारतो, घरी जुने कंट्रोलर किती आहेत आणि एका वेळी किती जण खेळतात. प्रोसेसर, चित्राचा दर्जा, साठवणूक यांवर दुकानात तासभर चर्चा होते. दुसऱ्या-तिसऱ्या कंट्रोलरचा खर्च मात्र घरी गेल्यावर कळतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची तुलना कुठे उभं राहून केली आहे ते कळेल. नव्या कन्सोलने निदान मागच्या पिढीचा कंट्रोलर नव्या गेमवर चालू द्यायला हवा. एखाद्या गेमला नवं काही खरंच लागत असेल, तर त्या गेमने जुन्याला नाही म्हणावं. कन्सोलने सरसकट दार लावू नये.

प्लेस्टेशन ५

२०२०च्या नोव्हेंबरात हा कन्सोल जगात आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला. नियम असा आहे : प्लेस्टेशन ४चा ड्युअलशॉक ४ कंट्रोलर प्लेस्टेशन ५ला जोडता येतो, पण त्यावर फक्त प्लेस्टेशन ४चे गेम खेळता येतात. प्लेस्टेशन ५च्या गेमला ड्युअलसेन्सच लागतो. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने हे कन्सोल येण्याआधी, २०२०च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं. कारण असं दिलं होतं की प्लेस्टेशन ५च्या गेमने नव्या कंट्रोलरच्या नव्या क्षमतांचा फायदा घ्यावा.

हे कारण पोकळ नाही. ड्युअलसेन्सच्या वरच्या कडेला चार बटणं असतात, त्यांतली खालची दोन म्हणजे ट्रिगर. ते गेमच्या सांगण्यावरून घट्ट किंवा सैल होतात. त्याचं कंपनही जुन्या घुर्रर्र करणाऱ्या मोटरीसारखं नसतं. कन्सोलमध्ये आधीपासून भरलेला ॲस्ट्रोज प्लेरूम खेळून पाहा : वाळूवर चालताना तळहाताला एक जाणवतं, काचेवर चालताना दुसरंच, आणि पावसाचे थेंब तर वेगवेगळे मोजावेत इतके स्पष्ट. स्प्रिंगचा पोशाख घातला की ट्रिगर बोटाला उलटा रेटतो. समोरच्या प्रत्येकाच्या हातात ड्युअलसेन्सच आहे याची खात्री असल्यामुळेच गेम बनवणाऱ्यांना असा खेळ त्या कंट्रोलरभोवती रचता आला. निम्म्या घरांत जुना कंट्रोलर असता तर एवढी मेहनत कुणी केली असती का, हा प्रश्न मला मान्य आहे.

पण सगळे गेम तसे नसतात. फुटबॉलमध्ये पास द्यायला, क्रिकेटमध्ये कव्हर ड्राइव्ह मारायला ट्रिगरचा ताण लागत नाही. दोन्ही कंट्रोलर शेजारी ठेवा. चार बटणं तीच, बाणाची बटणं तीच, अंगठ्याने हलवायच्या दोन काड्या त्याच जागी, वरची चार बटणं तीच, टचपॅड आहे, हात हलवल्याचं ओळखणारा सेन्सरही दोन्हींत आहे. माईक बंद करायचं बटण तेवढं नवं. म्हणजे जुन्या कंट्रोलरवर बटण कमी पडतं म्हणून गेम खेळता येत नाही, असं नाही.

याचा पुरावा सोनीच्याच गेममध्ये आहे. रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट हा प्लेस्टेशन ५चा गेम जुलै २०२३मध्ये कॉम्प्युटरवर आला. तिथे तो ड्युअलशॉक ४वर चालतो, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर चालतो, अगदी कीबोर्डवरही चालतो. ड्युअलसेन्स असेल तर त्याची मजा मिळते, नसेल तर गेम अडत नाही. खुद्द प्लेस्टेशन ५वरही मान्यताप्राप्त जुनी रेसिंग व्हील, म्हणजे गाड्यांच्या गेमसाठीची स्टिअरिंग, चालतात. २०१५चं लॉजिटेक जी२९ ग्रॅन टुरिस्मो ७च्या प्लेस्टेशन ५ आवृत्तीत चालतं. ट्रिगरचा ताण त्या व्हीलमध्येही नाही. व्हीलला जे चालतं ते कंट्रोलरला का चालू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता पैशांचं. ड्युअलसेन्स भारतात आला तेव्हा त्याची छापील किंमत ५,९९० रुपये होती. प्लेस्टेशन ५चं सडपातळ मॉडेल एप्रिल २०२४मध्ये डिस्कसह ५४,९९० रुपयांना आलं. खोक्यात कंट्रोलर एकच असतो. चौघांनी खेळायचं तर आणखी तीन, म्हणजे १७,९७० रुपये, जवळजवळ कन्सोलच्या एक तृतीयांश. तुम्ही घ्याल तेव्हा आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, सेलमध्ये कमी होतील, पण प्रमाण ध्यानात ठेवा.

यातून एक वाट आहे, आणि ताईच्या घरी आम्ही तीच धरली. बरेच गेम दोन्ही पिढ्यांसाठी निघतात. क्रिकेट २४ प्लेस्टेशन ४साठीही आहे आणि ५साठीही. गेमची प्लेस्टेशन ४ची आवृत्ती प्लेस्टेशन ५वर लावली की जुना कंट्रोलर बिनतक्रार चालतो. दोन्ही आवृत्त्या तुमच्याकडे असतील तर गेमच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत आवृत्ती निवडता येते. तोटे दोन. चित्र थोडं साधं दिसतं, आणि फुटबॉलसारख्या गेममध्ये ऑनलाइन खेळताना तुम्ही जुन्या पिढीच्या खेळाडूंमध्ये जाता, नव्या कन्सोलवरच्या मित्रांशी गाठ पडत नाही. घरातल्या घरात चौघे खेळणार असतील तर यातलं काहीच जाणवत नाही. रिमोट प्ले करून, म्हणजे कन्सोलवरचा गेम वायफायने कॉम्प्युटरवर आणून, ड्युअलशॉक ४ने प्लेस्टेशन ५चे गेम खेळणारेही आहेत, पण घरच्या वायफायवर बटण दाबणं आणि खेळाडू हलणं यांत अंतर पडतं. क्रिकेटला ते चालत नाही.

उलट दिशाही पाहून ठेवा. ड्युअलसेन्स प्लेस्टेशन ४वर चालत नाही. जुना कन्सोल घरात भावंडासाठी राहणार असेल तर त्याचे कंट्रोलर कुणाला देऊ नका.

एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्स

इथे उत्तर सरळ आहे, म्हणून कमी शब्दांत. मायक्रोसॉफ्टच्या मागच्या पिढीच्या कन्सोलचे, म्हणजे एक्सबॉक्स वनचे, २०१३पासूनचे कंट्रोलर नव्या कन्सोलवर सगळ्या गेममध्ये चालतात, जुन्याही आणि नव्याही. नवा कंट्रोलर जुन्या एक्सबॉक्स वनवरही चालतो. नव्यात शेअरचं बटण आलं, चार्जिंगचं तोंड टाइप-सी झालं, पण त्यावरून जुन्याला बाहेर काढलं नाही. एवढंच काय, ब्लूटूथ असलेल्या जुन्या कंट्रोलरना २०२१च्या एका सुधारणेत नव्या कंट्रोलरचं एक तंत्र मिळालं, ज्याने बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ घटतो. जुन्या वस्तूची अशी काळजी घेणं मला मनापासून आवडतं. आपल्याकडे लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याला माळ्यावरून तोच लाकडी नंदी उतरतो, फक्त झूल नवी असते. तसंच हे.

किंमत काय मोजली? कंट्रोलरमध्ये ड्युअलसेन्ससारखे ट्रिगर नाहीत. वाळू आणि पाऊस तळहातावर उतरत नाहीत. ज्याला ती अनुभूती हवी आहे त्याला एक्सबॉक्स फिका वाटेल, आणि ते खोटं नाही.

दोन गोष्टींत सावध राहा. एक्सबॉक्स वनच्याही आधीच्या एक्सबॉक्स ३६०चे कंट्रोलर इथे चालत नाहीत, अगदी ३६०चे कितीतरी गेम या कन्सोलवर चालत असूनही. गेमला घरात घेतलं आणि त्याच्या कंट्रोलरला दाराबाहेर ठेवलं, हे मला पटत नाही. दुसरं, मान्यता नसलेले स्वस्तातले कंट्रोलर आणि दुसऱ्या कन्सोलचा कंट्रोलर जोडून देणारे कन्व्हर्टर २०२३च्या नोव्हेंबरपासून कन्सोल अडवू लागला. त्यामुळे ‘कंपनीचाच आहे’ म्हणून कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर तिथेच जोडून दाखवायला सांगा.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल लागतात हे काहींना जुनाट वाटतं. मला ते नागपुरात फायद्याचं वाटतं. ड्युअलशॉक ४ची बॅटरी आतली असते, आणि लिथियमची बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेले कंट्रोलर दोन-चार उन्हाळ्यांत अर्धा-अर्धा तासच टिकायला लागतात, हे मी तीन घरांत पाहिलं. सेल मात्र बदलले की झालं. चार्ज होणारे चार सेल घेतले की वर्षानुवर्षं चिंता नाही.

निन्टेन्डो स्विच २

जून २०२५मध्ये आलेल्या स्विच २वर पहिल्या स्विचचे जॉय-कॉन (कन्सोलच्या दोन बाजूंना लावायचे छोटे कंट्रोलर) आणि प्रो कंट्रोलर वायरलेस चालतात, नव्या गेममध्येही. जुने जॉय-कॉन नव्या कन्सोलच्या बाजूला चिकटत नाहीत, कारण तिथे आता रुळांऐवजी चुंबक आहे. म्हणून ते चार्ज करायला जुना स्विच किंवा चार्जिंगची ग्रिप लागते. नवा जॉय-कॉन टेबलावर घासून माउससारखा वापरता येतो, ते जुन्यावर होत नाही. ज्या गेमला माउस लागतो तो नवा मागतो, बाकीचे मागत नाहीत. मी वर म्हणालो ते हेच : निर्णय गेमचा.

इथली सगळ्यात बोलकी गोष्ट उलट्या बाजूची आहे. जुन्या उजव्या जॉय-कॉनमध्ये इन्फ्रारेड कॅमेरा होता, नव्यात तो काढला. त्यामुळे पहिल्या स्विचच्या ज्या गेमना तो कॅमेरा लागतो, त्यांत स्विच २वरही जुनाच कंट्रोलर लागतो. जुन्याला दार उघडं ठेवलं म्हणून ते खेळ जिवंत राहिले.

अडचण वेगळी आहे. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. नागपुरात मिळतो तो बाहेरून आणलेला. बिघडला तर दुरुस्तीची जबाबदारी विकणाऱ्याच्या शब्दावर. काही घरांसाठी विषय इथेच संपेल.

हात बसलेला असतो त्यांचं

ज्या कारणाने मी हे सगळं मनावर घेतो ते पैशांचं नाही. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत ताकद नाही. त्याने ड्युअलशॉक ४ मांडीवर आडवा ठेवून, वरची बटणं तळहाताच्या कडेने दाबून खेळायची स्वतःची रीत बसवली आहे. ती बसायला त्याला वर्ष लागलं. ड्युअलसेन्स आकाराने मोठा आणि वजनाने जड, त्याच्या मांडीवर तो तसा राहत नाही. त्याच्यासाठी ‘नवा घे’ याचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून शिक असा होतो.

एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८मध्ये आला. त्याच्या मागे १९ जॅक आहेत, ज्यांना वेगवेगळी बटणं, पेडल, स्विच जोडता येतात. २०२०चा नवा कन्सोल आल्यावर तो पहिल्या दिवसापासून तिथे चालला, कुणाची रचना मोडली नाही. सोनीने डिसेंबर २०२३मध्ये ॲक्सेस कंट्रोलर आणला, तो प्लेस्टेशन ५च्या गेमवर चालतो आणि चांगला आहे. पण त्यातही ड्युअलसेन्सचे ते ट्रिगर नाहीत. म्हणजे ते ट्रिगर नसतानाही प्लेस्टेशन ५चे गेम खेळता येतात, हे सोनीलाही ठाऊक आहे.

मग घ्यायचं काय

घरी एक्सबॉक्स वन असेल आणि त्याचे दोन-तीन कंट्रोलर धड असतील, तर सिरीज एस घ्या. एकाही कंट्रोलरवर खर्च न करता पहिल्या संध्याकाळी सगळे खेळतील.

घरी प्लेस्टेशन ४ असेल आणि मुख्य खेळणारा एकटाच असेल, त्याला मोठ्या कथेचे गेम आवडत असतील, तर प्लेस्टेशन ५ घ्या आणि जुन्या कंट्रोलरचा विचार सोडा. ड्युअलसेन्ससाठीच तो घ्यावा असा तो आहे.

घरी प्लेस्टेशन ४ आहे आणि सुट्टीत चार मुलं जमतात, तर घाई करू नका. तुमच्या घरी खेळले जाणारे चार गेम कागदावर लिहा आणि त्यांची प्लेस्टेशन ४ आवृत्ती निघते का ते पाहा. निघत असेल तर प्लेस्टेशन ५ आणि जुने कंट्रोलर ही जोडी अजून काही वर्षं चालेल. निघत नसेल तर बजेटमध्ये निदान एक जास्तीचा ड्युअलसेन्स आधीच धरा.

जुने कंट्रोलर तरीही उरले तर भंगारात देऊ नका. ड्युअलशॉक ४ कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ॲपमध्ये २०१६च्या शेवटापासून चालतो, अँड्रॉइड १०पासून फोनवर ब्लूटूथने जोडता येतो. ३६०चा वायरवाला कंट्रोलर विंडोजवर लावला की लागतो.

आणि बर्डीवर जाताना घरचा एक जुना कंट्रोलर चार्ज करून पिशवीत टाका. ‘चालतो का’ असं विचारू नका. दुकानातल्या चालू कन्सोलवर नव्या पिढीचा गेम लावायला सांगा, आपला कंट्रोलर जोडा आणि खेळाडू धावतो का ते पाहा. पैसे त्यानंतर द्या.