खोक्यावर १००० वॅट, मीटरवर ९६

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी घरात कोवळी भाजी वाढवायला दोन ग्रो लाइट घेतले आणि ११,००० रुपये घालवले. भिशीचे पैसे होते. असे दिवे घ्यायचा विचार आपल्या भागात आता बऱ्याच जणी करताहेत, म्हणून काय झालं ते सगळं सांगते.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. दोन पॉवरलूम होते, ते विकले. मागाची खोली रिकामी राहिली आणि सुताच्या कांड्या ठेवायचं जुनं लाकडी कपाट तिथंच पडून होतं: चार फूट रुंद, दीड फूट खोल, तीन खण. टिळकवाडीतल्या एका हॉटेलवाल्यांना मुळ्याचे आणि मोहरीचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळे कोंब, हवे होते. गच्चीवर उन्हाळ्यात ते छान येतात. पण आपल्याकडे जून लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि संततधारेत ट्रे गच्चीवर ठेवले तर बुरशी धरते. म्हणून कपाटाला आतून पांढरा रंग दिला आणि दिवे शोधायला लागले.

विकणारा फोनवर भेटला. ओळखीतून नंबर आला होता. बोलणं इतकं गोड, आणि सगळं मराठीत. इथं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कचेरीत गेलं की कागद कानडीत, बिल कानडीत; मग कुणी आपल्या भाषेत "ताई, काळजी करू नका, घरचं समजा" म्हणालं की आपण अर्ध्या विरघळतो. मी विरघळले. जीएसटीचं बिल मागितलं नाही. त्यानं एका साध्या कागदावर रक्कम लिहून दिली, निम्मे पैसे रोख घेतले आणि निम्मे यूपीआयनं.

त्याचं एक वाक्य माझ्या चांगलं लक्षात आहे. "उजेड एक हजार वॅटचा, ताई, बिल मात्र शंभर वॅटचं." तिथंच मी थांबायला हवं होतं. मला ते उलट फायद्याचं वाटलं.

दिवे लावले तेव्हा खोली जांभळी-गुलाबी झाली. शेजारच्या बायका बघायला आल्या. चौथ्या दिवशी कोंब वर आले आणि नंतर नुसते वाढतच गेले: दोऱ्यासारखे बारीक, लांब, पांढरट, माना टाकलेले. मुळ्याचा कोंब असा कधी येत नाही. मी आधी बियाण्याला दोष दिला, मग पाण्याला. कोकोपीट, म्हणजे ज्यात बी पेरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा, दोनदा धुतलं. त्या जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात, त्यामुळं ती पिवळी पडलीत हे ट्रे बाहेर काढेपर्यंत कळतसुद्धा नव्हतं. हॉटेलवाल्यांची पहिली ऑर्डर हातची गेली. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माल गोव्याहून मागवला.

मग मुलीला झिणझिण्या आल्या. ट्रेला पाणी मारताना तिचा हात दिव्याच्या पत्र्याला लागला. माझे दीर वायरिंगची कामं करतात, त्यांना लगेच बोलावलं. त्यांनी प्लग उघडला. बाहेरून तीन पिना, आत वायरी दोनच. अर्थिंगची पिन नुसती दिसायला होती. दमट कपाटात, धातूच्या ट्रेवर, ओल्या हातांनी आम्ही रोज तिथं काम करत होतो. पैशांपेक्षा मला या गोष्टीचा राग आजही जास्त आहे.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा दिवा खरंच घेतो किती ते बघूया." हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्याशेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, पंखे, चार्ज होणारा इन्व्हर्टरसुद्धा, आणि एकच ग्रो लाइट चालू ठेवला. दहा मिनिटं मोजलं. ५१ वेळा लुकलुकला. ५१ ला ३२०० नं भागायचं, म्हणजे दहा मिनिटांतली युनिटं मिळतात. त्याला सहानं गुणलं की तासाची. ती आली ०.०९६, म्हणजे ९६ वॅट. दिवा हजार वॅटचा असता तर त्याच दहा मिनिटांत ५३३ वेळा लुकलुकायला हवा होता. "हे शंभर पण नाही की ओ," भाऊजी म्हणाले.

१००० हा आकडा येतो कुठून तेही त्यांनी दाखवलं. दिव्यात १०० डायोड, म्हणजे एलईडीचे बारके ठिपके, होते. एकेक डायोड जास्तीत जास्त १० वॅट सोसू शकतो असं धरायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि खोक्यावर छापायचं. प्रत्यक्षात एकेकाला एक वॅटही मिळत नाही. फोन केल्यावर विक्रेता म्हणाला, "ताई, ते इक्विव्हॅलंट असतं, जुन्या सोडियम दिव्याच्या तुलनेत." तेही खोटं. झाडाला मिळणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. चांगला सोडियम दिवा दर वॅटला सेकंदाला साधारण १.७ मायक्रोमोल प्रकाश देतो, आजचा चांगला एलईडी २.५ ते ३. म्हणजे १०० वॅटचा उत्तम एलईडी फार तर पावणेदोनशे वॅट सोडियमची बरोबरी करेल. हजाराची कधीच नाही.

जांभळा रंगच झाडांना लागतो, हेही त्यानं मला पटवलं होतं. माझी मुलगी बीएस्सी करते, तिनं पुस्तकातून वाचून दाखवलं. टेक्सासमध्ये मॅक्री या शास्त्रज्ञानं २२ जातींच्या पिकांवर मोजमाप करून १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं: लाल आणि निळा तर वापरला जातोच, पण हिरवा-पिवळा प्रकाशही पानं चांगला वापरतात. म्हणजे साधा पांढरा एलईडी चालतो. खोक्यावरच्या ल्युमेनवर जाऊ नका, तो माणसाच्या डोळ्याचा हिशोब आहे. विक्रेत्याला विचारायचं ते हे: दिवा प्लगमधून खरंच किती वॅट घेतो, आणि पानांवर दर चौरस मीटरला सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात, किती उंचीवरून. मायक्रोग्रीन्सला १५०-२०० पुरतात, रोज १६ तास. उत्तर येत नसेल तर फोन ठेवा.

आणि मोजायचं ते पहिल्याच दिवशी. परत घ्यायची मुदत होती सात दिवसांची. माझे पहिले पाच दिवस कपाटाला भोकं पाडण्यात आणि साखळ्या लावण्यात गेले, कोंब लांबले ते त्यानंतर. सगळा डाव त्या सात दिवसांवरच आहे. आधी प्लग उघडून अर्थिंगची वायर बघा, मग दहा मिनिटं मीटर मोजा, तोपर्यंत बी भिजत घालू नका. खोकं फाडून टाकू नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला मी फोन केला, मराठीत बोलले, तक्रार नोंदली गेली. पैसे अजून आलेले नाहीत. पक्कं बिल नाही हा माझा कच्चा दुवा, यूपीआयची नोंद आणि खोक्याचा फोटो एवढाच पुरावा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा तिथंही अर्ज करणार आहे.

आता प्रत्येक खणात २० वॅटच्या चार पांढऱ्या एलईडी ट्यूब आहेत, इथल्याच दुकानातून बिल घेऊन आणलेल्या, ट्रेपासून वीतभर उंचीवर. वायर आणि प्लग आयएसआय खुणेचे, लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. मिरचीला फळं धरायला एवढा उजेड पुरणार नाही, पण मुळा आणि मोहरी आखूड, जाड, हिरवी येते. हॉटेलवाले परत घेऊ लागलेत.

परवा निपाणीहून मावसबहिणीचा फोन आला. तिनं तसेच दिवे घेतलेत, तेच गोड बोलणं, तोच हजाराचा आकडा. भाऊजींनी तिला फोनवरून मीटर मोजायला लावलं. तिच्याही मीटरवर ३२०० आहे. दहा मिनिटांत ४९ वेळा लुकलुकला. दिवे घेऊन तिला दोनच दिवस झाले होते. खोकं जसंच्या तसं बांधून तिची सून आज सकाळी परत द्यायला गेली आहे.