ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा: कारभार चोख, दर जबर आणि दोरी कंपनीच्या हाती

व्हिसा ही सरकारी परवानगी खरी. पण तिच्यासाठी जेवढे पैसे मोजावे लागतात ते पाहता, विकत घेतलेल्या कोणत्याही सेवेप्रमाणे तिचे परीक्षण करायला हरकत नसावी. मी स्थापत्य अभियंता असून बर्मिंगहॅममधील एका मध्यम आकाराच्या सल्लागार कंपनीच्या नोकरीवर, २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास, पत्नी आणि मुलगी यांच्यासह पुण्याहून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या सेवेला ग्राहक दोन असतात, नोकरी देणारी कंपनी आणि नोकरी स्वीकारणारा माणूस, आणि सगळी यंत्रणा त्यांपैकी कंपनीलाच खरा ग्राहक मानून उभी केलेली आहे. त्यामुळे अनुभव बरा येतो की वाईट, हे होम ऑफिसपेक्षा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यापेक्षा, कंपनीच्या एचआर विभागावर अधिक अवलंबून असते.

पूर्वीचा टियर २ जनरल हा प्रकार बंद होऊन त्याच्या जागी १ डिसेंबर २०२० रोजी हा व्हिसा आला. परदेशी माणसाला नोकरीवर घेण्यासाठी कंपनीकडे आधी होम ऑफिसचा स्पॉन्सर परवाना असावा लागतो. परवानाधारक कंपन्यांची संपूर्ण यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि ती वारंवार अद्ययावत केली जाते; इतकी उपयुक्त सार्वजनिक नोंद आपल्याकडच्या फार थोड्या खात्यांनी ठेवलेली असेल. परवाना असलेली कंपनी त्या विशिष्ट माणसासाठी आणि त्या विशिष्ट पदासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते, ज्याला इथे सगळे नुसते सीओएस म्हणतात. नाव सर्टिफिकेट असले तरी प्रत्यक्षात ती होम ऑफिसच्या संगणकातील एक नोंद असते आणि आपल्या हाती येतो तो तिचा क्रमांक. देशाबाहेरील उमेदवारासाठी कंपनीला प्रत्येक वेळी स्वतंत्र मंजुरी मागावी लागते, आणि क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपला अर्ज दाखल व्हावा लागतो.

खरी चाळणी पगाराची आहे. ४ एप्रिल २०२४ रोजी किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० पौंडांवर गेली आणि २२ जुलै २०२५ रोजी ती ४१,७०० पौंड झाली. त्याच दिवशी पात्र नोकऱ्यांची पातळीही, काही अपवाद सोडता, पदवीच्या दर्जापर्यंत वर नेण्यात आली. याखेरीज प्रत्येक व्यवसायाच्या सांकेतिक क्रमांकाला त्याचा स्वतःचा प्रचलित दर, म्हणजे त्या कामासाठी ठरवलेला पगार, असतो, आणि या दोहोंपैकी जी रक्कम मोठी असेल ती पगाराने गाठावी लागते. हिशेबात केवळ हमी दिलेला मूळ पगार धरतात. बोनस, ओव्हरटाइम किंवा निवासभत्ता त्यात येत नाही. भारतात सीटीसीच्या आकड्यावर विसंबण्याची सवय झालेल्या आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण प्रस्तावपत्रावरचा ठळक आकडा मर्यादेच्या वर आणि मूळ पगार मात्र खाली, असे सहज होऊ शकते. सव्वीस वर्षांच्या आतील उमेदवारांना आणि शिक्षण नुकतेच संपवलेल्यांना सवलतीची मर्यादा असून जुलै २०२५ पासून ती ३३,४०० पौंड आहे. लंडनबाहेर, तीन-चार वर्षांचा अनुभव असलेला आणि सव्वीशी ओलांडलेला अभियंता या नियमांत सर्वांत वाईट अडकतो: सवलतीसाठी वय जास्त आणि पूर्ण मर्यादेसाठी पगार कमी.

आता दर. हा भाग मला सर्वांत खटकला. कंपनीला सीओएससाठी ५२५ पौंड आणि त्यावर दर वर्षाच्या हिशेबाने ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ भरावा लागतो, जो आम्ही अर्ज केला तेव्हा मोठ्या कंपन्यांसाठी वर्षाला १,००० आणि लहान कंपन्यांसाठी ३६४ पौंड होता आणि १६ डिसेंबर २०२५ पासून अनुक्रमे १,३२० आणि ४८० पौंड झाला आहे. हा चार्ज कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मनाई आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सीओएसचे शुल्कही कंपनीला कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. ही मनाई कागदावर स्पष्ट आहे. उमेदवाराला ती ठाऊक असली तरच तिचा उपयोग.

आपल्या वाट्याला येते ते व्हिसाचे शुल्क आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा आरोग्य अधिभार. ९ एप्रिल २०२५ च्या दरांनुसार देशाबाहेरून केलेल्या, तीन वर्षांपर्यंतच्या अर्जाला माणशी ७६९ पौंड पडत होते. अधिभार प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ आणि अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड असून तो संपूर्ण मुदतीसाठी एकरकमी, अर्ज करतानाच भरावा लागतो. माझा खर्च कंपनीने उचलला, कुटुंबाचा उचलला नाही. म्हणजे तीन वर्षांसाठी पत्नीचे ३,८७४ आणि मुलीचे ३,०९७ मिळून ६,९७१ पौंड, अर्थात आठ लाख रुपयांच्या घरातली रक्कम, पहिला पगार होण्याआधी आणि भारतातून, उभी करावी लागली. हा अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत वर्षाला ६२४ पौंड होता. इथे नोकरी करणारा माणूस ज्या आरोग्यसेवेसाठी पगारातून करही भरतो, तिच्यासाठीच त्याच्याकडून हे पैसे आगाऊ घ्यायचे, याचे समाधानकारक समर्थन मला कुठेही सापडले नाही. अर्ज नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, शुल्क मात्र मिळत नाही. आणि डॉक्टर, परिचारिका वगैरेंसाठी असलेल्या हेल्थ अँड केअर व्हिसाला अधिभार लागतच नाही, एवढा दिलासा नोंदवायला हवा.

कागदपत्रांच्या बाबतीत होम ऑफिसला दोष देता येणार नाही. काय लागते आणि काय लागत नाही हे सरकारी संकेतस्थळावर सरळ इंग्रजीत लिहिलेले आहे. इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा म्हणून आयईएलटीएसची यूकेव्हीआयसाठीची (म्हणजे होम ऑफिसच्या व्हिसा विभागाला मान्य असलेली) परीक्षा देता येते, किंवा पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असल्यास विद्यापीठाच्या पत्रावर एक्टिस या संस्थेकडून शिक्कामोर्तब करून घेता येते. मात्र ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी इंग्रजीची आवश्यक पातळी बी१ वरून तिच्या वरच्या बी२ वर गेली आहे, तेव्हा जुन्या निकालावर विसंबून राहू नये. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. बँकेत सलग २८ दिवस १,२७० पौंड दाखवण्याची अट आहे, परंतु कंपनीने सीओएसमध्येच निर्वाहाची हमी दिली तर ती लागू होत नाही. ही हमी कुटुंबीयांनाही लागू आहे असे नोंदवलेले असेल तरच त्यांचे पैसे दाखवावे लागत नाहीत. नसेल तर जोडीदारासाठी आणखी २८५ आणि पहिल्या मुलासाठी ३१५ पौंड वेगळे दाखवावे लागतात.

मराठी माणसाची खास अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात असते, आणि इंग्लंडमधील एचआरला यातले मधले नाव म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होत नाही. माझ्या सीओएसमध्ये वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसले होते. कंपनीने त्या नोंदीला स्पॉन्सर नोट जोडून दुरुस्ती केली आणि पुढे काही अडले नाही. पण ही सोय आहे हेच तिथल्या संबंधित अधिकाऱ्याला माहीत नव्हते आणि ती शोधून द्यावी लागली मला. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत गुंता वाढतो, कारण विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र एका नावाचे, पदवी दुसऱ्या नावाची आणि पासपोर्ट तिसऱ्याच क्रमाने लिहिलेला असतो. मूळ दाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागते, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्काचा तपशील असावा लागतो.

व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या खासगी कंपनीच्या पुण्यातल्या केंद्राविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि केंद्राच्या दृष्टीने ही प्रशंसाच समजावी. कागद घरूनच अपलोड केले होते. केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले गेले. कुरियर, विशेष कक्ष, कागद स्कॅन करून देणे या सेवा ऐच्छिक आहेत आणि त्यांचा निकालाशी काडीचाही संबंध नाही. देशाबाहेरील अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत लागतो. ५०० पौंड जास्तीचे भरले तर पाच कामकाजी दिवसांत. आम्ही जास्तीचे पैसे भरले नाहीत आणि निर्णय मुदतीच्या आत आला. १५ जुलै २०२५ पासून बहुतेक मुख्य अर्जदारांच्या पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लागत नाही. सगळे ई-व्हिसाच्या खात्यात असते आणि कंपनीला किंवा घरमालकाला व्हिसा तपासता यावा म्हणून त्यातून शेअर कोड काढून द्यायचा असतो. आमच्या वडीलधाऱ्यांना मात्र कोऱ्या पासपोर्टवर विमानात बसायचे ही कल्पना शेवटपर्यंत पचली नाही.

मधल्या सल्लागारांची गरज कितपत, असे मला अनेकांनी विचारले. साध्या प्रकरणात अजिबात नाही. कुटुंबात आधीचा नकार किंवा मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तर ब्रिटनमधील वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठावा. तिथे विनानोंदणी असा सल्ला देणे गुन्हा आहे. सीओएस ‘मिळवून देतो’ म्हणून लाखो रुपये मागणारा मात्र निखालस फसवतो आहे असे समजावे, विशेषतः तो वृद्धांच्या देखभालीची नोकरी देऊ करत असेल तर, कारण २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद आहे. कंपनीचे नाव सरकारी यादीत असणे पुरेसे नाही. भामटेही खऱ्या कंपन्यांचीच नावे वापरतात. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दूरध्वनी क्रमांक घेऊन थेट चौकशी करावी.

आता सेवेतील मुख्य दोष. व्हिसा माणसाचा असला तरी तो एका कंपनीला आणि एका पदाला बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर नव्या कंपनीचा सीओएस, नवा अर्ज आणि पुन्हा शुल्क. नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा किंवा परत जा. याच्या उलट, जोडीदाराला जवळजवळ कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते आणि त्याला कोणाच्या सीओएसची गरज नसते. आमच्या घरात आज पत्नीचा व्हिसा माझ्यावर अवलंबून आहे, पण नोकरी निवडण्याचे स्वातंत्र्य तिलाच अधिक आहे. कायम वास्तव्यासाठी पाच वर्षांचा नियम आहे, परंतु मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने तो कालावधी दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे पाच वर्षांचे गणित मांडून घर विकून येणाऱ्यांनी थोडे थांबावे.

नोकरीचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: कुटुंबाचा अधिभार कोण भरणार, निर्वाहाची हमी कोणाकोणासाठी देणार, लवकर नोकरी सोडल्यास कोणती रक्कम परत मागणार, आणि मुदतवाढीच्या वेळी लागू असलेल्या मर्यादेपर्यंत पगार वाढवणार का. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला आठवड्याभरात मिळाली. चौथ्याचे उत्तर ‘त्या वेळी पाहू’ असे आले, आणि ते लेखी द्यायला कंपनी अजून तयार नाही.